सफेदी ईदची, मरम्मत मृगाआधीची

आपल्या समाजात घराची वार्षिक डागडुजी बहुधा ईदच्या निमित्ताने होते. रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की रंगाऱ्याला शोधायला धावपळ सुरू होते. भिंतींना सफेदी होते, दारांना ऑइल पेंट लागतो, पडदे धुतले जातात. ही सवय चांगलीच आहे. परंतु व्यापारी माणसाने येथे एक हिशेब लक्षात घेतला पाहिजे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१९ साली ईदुल फित्र ५ जूनला होती, म्हणजे ईद आणि मृग एकाच आठवड्यात आले. ईदसाठी झालेली डागडुजी त्या वर्षी पावसाच्याही उपयोगी पडली. २०२५ साली ईद ३१ मार्चला झाली आणि पुढे ती आणखी हिवाळ्याकडे जाणार आहे. मृग नक्षत्र मात्र आपली जागा सोडत नाही. ते ७-८ जूनच्या सुमारास लागायचे ते लागतेच, आणि मुंबई-भिवंडीकडे पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून ही आहे.

सांगण्याचा मुद्दा एवढाच की सफेदी ईदला करावी, मरम्मत पावसाच्या हिशेबाने करावी. ही दोन कामे वेगळी आहेत. ती एक समजल्याने दरवर्षी कितीतरी पैसा भिंतीवर लागतो आणि श्रावणात भिंतीवरूनच गळून पडतो.

आपल्या बहुतेक वाचकांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ घराचा नसतो. खाली दुकान किंवा कारखाना, वर कुटुंब, मागच्या खोलीत माल, अशी आपली राहणी आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे तर घराच्या भिंतीला भिंत लागून माग चालतात. छत गळले म्हणजे बिछाना भिजतो, तसा धंद्यात गुंतलेला पैसाही भिजतो.

एका डागाची किंमत

माझाच अनुभव सांगतो. घरामागे स्लॅबची एकमजली खोली आहे, त्यात ग्रे कापडाचे ताके आणि गाठी ठेवतो. काही वर्षांपूर्वी तिच्या एका भिंतीवर ओल दिसू लागली. मी गिलावा फोडून नवा केला आणि वर ओल थांबवण्याचा म्हणून मिळणारा महाग रंग लावला. दुसऱ्या पावसाळ्यात ओल एक हात पुढे सरकली. पुन्हा गिलावा, पुन्हा रंग. तिसऱ्या वर्षीही तेच केले. चौथ्या वर्षी भिंतीला लागून असलेल्या तीन गाठींना बुरशी धरली. वरून माल बरा दिसत होता, म्हणून रंगाईला पाठवला. रंग चढल्यावर डाग उठून दिसले आणि माल परत आला. तो पडत्या भावाने, डागी म्हणून काढावा लागला. त्याहून वाईट म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला तो माल जायचा होता, त्याच्याकडे माझी वेळ चुकली.

मग एका वयस्क मिस्त्रींना बोलावले. त्यांनी भिंतीकडे पाहिलेही नाही, थेट गच्चीवर गेले. मी म्हणालो, "चाचा, डाग खाली आहे." ते म्हणाले, "भाई, डाग खाली दिसतो. पाणी खालून येत नाही." त्यांनी गच्चीचा एकेक भाग ओल्या गोणपाटाने आळे करून वेगळा केला, त्यात बादलीने पाणी भरून थांबायचे, असे दिवसभर केले. संध्याकाळी सापडले की पाणी शिरत होते ते पावसाच्या नळीच्या तोंडापाशी, डागापासून बारा फुटांवर. कोब्याखालून वाट काढत ते त्या भिंतीत उतरत होते. दुरुस्ती दोन दिवसांत झाली. तीन वर्षे आतल्या भिंतीवर जे खर्च केले, त्याच्या पाव हिस्साही त्याला लागला नाही.

यातून दोन नियम निघतात. पहिला, ओलीचा इलाज आतून करू नये, पाणी जेथून शिरते तेथे बाहेरून करावा. दुसरा, काम वरून खाली यावे. आधी छत, मग बाहेरची भिंत, मग गटार आणि सर्वांत शेवटी रंग.

ओल पावसाची की नळाची?

तपासणीला मार्च-एप्रिल हा काळ सर्वांत उत्तम. गेल्या पावसाचे डाग अजून भिंतीवर असतात आणि भिंत कोरडी झालेली असते. या दिवसांतही एखादी जागा हाताला ओली लागत असेल, तर ती ओल पावसाची नव्हे. ती नळाची, टाकीची किंवा संडास-न्हाणीघराची आहे. अशा घरात गच्चीवर कितीही खर्च केला तरी ओल जाणार नाही. न्हाणीघराचा संशय असल्यास तेथे पाण्यात थोडा रंग कालवून सोडावा आणि खालच्या छताकडे एक-दोन दिवस लक्ष ठेवावे. टाकीचा संशय असल्यास रात्री सर्व नळ बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेले असेल, तर गळती टाकीत किंवा तिच्या नळांत आहे.

जे डाग एप्रिलमध्ये कोरडे आहेत आणि जुलैत ओले होतात, ते पावसाचे. त्यांच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी. पुढच्या वर्षी डाग वाढला की थांबला, हे कळते.

स्लॅबची गच्ची

पावसाचे पाणी किती असते याचा अंदाज आपल्याला नसतो. हजार चौरस फूट छतावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे २,३०० लिटर पाणी झाले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, म्हणजे ३७ इंच पाऊस झाला होता. एवढा दिवस रोज येत नाही, पण चार-पाच इंचांचा दिवस कोकणपट्टीत दर पावसाळ्यात येऊ शकतो. त्या दिवशी नळीच्या तोंडाशी प्लास्टिकची एक पिशवी अडकली तरी गच्चीचा हौद होतो. शंभर चौरस फूट जागेत चार इंच पाणी साचले तर त्याचे वजन सुमारे साडेनऊशे किलो भरते. हे वजन स्लॅब सोसत असतो.

म्हणून गच्चीवर प्रथम झाडलोट. मोडके फर्निचर, मागाचे जुने सुटे भाग, फुटक्या कुंड्या खाली उतरवाव्यात. नळीचे तोंड मोकळे करून जाळी बसवावी. गच्चीला नळीच्या दिशेने उतार असावा. शंभर फुटांस एक फूट हे साधारण प्रमाण धरतात. पाणी ओतून पाहावे. जेथे डबके राहते, तेथे उतार बसला आहे असे समजावे.

त्यानंतर कठड्याचा सांधा. गच्चीची फरशी आणि कठडा जेथे मिळतात, त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर भराव असतो. मिस्त्री त्याला वाटा म्हणतात. बहुतेक गळती या वाट्यातून, नळीच्या तोंडाभोवती आणि टाकीच्या खांबांच्या पायाशी होते. तडा बारीक असला तरी त्यावर नुसते सिमेंटचे पाणी फिरवून उपयोग नाही. उन्हात गच्ची फुगते, रात्री आकसते, आणि ते पापुद्र्यासारखे निघून येते. तडा छिन्नीने थोडा रुंद करून, साफ करून, ओल थांबवणारे रसायन मिसळलेल्या मसाल्याने भरावा.

कठड्यात पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर नुसता कापू नये. मूळ आत राहिले की तो पुन्हा दुप्पट जोमाने फुटतो आणि वीट फाकवतो. तेवढा भाग उकलून मूळ काढावे आणि पुन्हा बांधून घ्यावा.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. नळी बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस उभे ठेवावे आणि खालून पाहावे. पाचशे चौरस फूट गच्चीला यासाठी सुमारे २,३०० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात एवढे पाणी नसेल, तर आळी करून भागाभागाने तपासावे. जुन्या, तडकलेल्या स्लॅबवर मात्र ही परीक्षा घेऊ नये. त्याला आधी जाणकाराचा डोळा हवा.

कौले आणि पत्रे

मंगळुरी कौलांचे घर दरवर्षी शाकारून घेणे ही आपल्या वडीलधाऱ्यांची रीत होती. ती आता मागे पडली आहे. फुटके कौल बदलावे, सरकलेले जागेवर आणावे, आढ्यावरच्या कौलांचे सांधे पाहावे. दोन उतार जेथे मिळतात तेथील पन्हळीत पाला साचतो. कौलारू घरे सर्वांत जास्त तेथेच गळतात. वासे आणि रिपा टोचून पाहाव्यात. टोच सहज आत गेला तर लाकूड वाळवीने पोखरलेले आहे.

कारखान्यावर पत्रा असतो. मागाच्या सततच्या हादऱ्याने पत्र्याचे बोल्ट ढिले होतात आणि वायसर झिजतात. प्रत्येक बोल्ट कसून घ्यावा, फुटलेला वायसर बदलावा. वरच्या पत्र्याची खालच्या पत्र्यावर निदान सहा इंच चढ असावी. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो तो कडेपासून, म्हणून कडेच्या बोल्टांकडे विशेष लक्ष द्यावे. मालेगावकडे पाऊस कोकणाच्या मानाने फार कमी, पण वळवाचे वारे पावसाआधी येतात. तेथील बंधूंनी पत्र्याचे काम त्या हिशेबाने आधीच उरकावे.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांबाबत सावधगिरी हवी. त्यावर थेट पाय देऊ नये. आडवी फळी टाकून तिच्यावरून चालावे. असे पत्रे फुटून माणूस खाली पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. म्हणून ते कोरडे कापू, घासू किंवा फोडू नयेत.

भिंत, छज्जा, वीज

आपल्याकडे पाऊस बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या भिंती आधी पाहाव्यात. छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडे आत, एक खाच असावी लागते. ती असली की पाण्याचा थेंब तेथेच तुटून खाली पडतो. नसली तर पाणी छज्जाच्या पोटाने चालत भिंतीत शिरते. खिडकीच्या उंबऱ्याला उतार बाहेरच्या बाजूस हवा. जोत्याभोवती माती किंवा कचरा भिंतीला लागून साचू देऊ नये, आणि दारापुढचे गटार मे महिन्यातच साफ करावे. नगरपालिकेची गाडी येईल तेव्हा येईल, आपल्या दारापुरते आपण पाहावे.

विजेच्या कामात स्वतःची कारागिरी दाखवू नये. परवानाधारक वायरमनकडून मीटरची पेटी, उघडे सांधे आणि अर्थिंग तपासून घ्यावे. लोखंडी पत्र्यावरून वायर गेली असेल तर ती काढून वेगळी न्यावी. घरात तीस मिलीअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवलेला असावा. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर स्विच पडला नाही तर तो निकामी आहे. ओल्या भिंतीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करण्यापलीकडे दुसरे काही करू नये.

माल कसा ठेवावा

ग्रे कापडाला सायझिंगची खळ असते आणि खळीत स्टार्च असतो. बुरशीला याहून चांगले खाद्य नाही. म्हणून धुतलेल्या कापडापेक्षा ग्रे माल लवकर बिघडतो. गाठी जमिनीपासून सहा इंच उंच लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून एक फूट सोडून रचाव्यात. मधून हवा फिरली पाहिजे, आणि भिंत डोळ्यांना दिसली पाहिजे. उघडीप असेल तेव्हा खिडक्या उघडाव्यात, झड सुरू असताना बंद ठेवाव्यात. डांबराच्या गोळ्या किड्यासाठी ठीक, बुरशीसाठी त्यांचा उपयोग नाही. जुना माल आधी बाहेर काढावा. पावसाळाभर एकाच जागी काही पडू देऊ नये.

विम्याचाही विचार करावा. १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घरासाठी भारत गृह रक्षा आणि पाच कोटींपर्यंतच्या छोट्या धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा अशा ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी मिळतात. त्यांत पूर, वादळ यांचा समावेश असतो. परंतु छतातून हळूहळू झिरपलेल्या पाण्याने झालेले नुकसान सहसा भरून मिळत नाही, कारण ते देखभालीचे काम मानले जाते. म्हणजे विमा काढला तरी मरम्मत सुटत नाही.

इमारत जुनी असेल तर

काही दोष डागडुजीच्या पलीकडचे असतात. आतील लोखंड गंजले की ते फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. सळईच्या रेषेत लांब तडा, तपकिरी डाग, छताचे पोपडे पडून उघडी झालेली सळई, दरवाजा अचानक घट्ट होणे, या खुणा दिसल्या तर गिलाव्याने झाकू नयेत. भिवंडीत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे एक तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि तीसहून अधिक जीव गेले. महानगरपालिका हद्दीत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची मान्यताप्राप्त इंजिनियरकडून तपासणी करून घेणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. ती फी खर्चात धरावी.

सोसायटीत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची आणि पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणे हे सोसायटीचे काम आहे, वरच्या मजल्यावरील एकट्या सभासदाचे नव्हे. घराच्या आतील न्हाणी-संडासची गळती मात्र ज्याची त्याने पाहावी. भाडेकरूंसाठी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तरतूद आहे. मालकाने दुरुस्ती टाळली तर निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक नाही. पगडीच्या जुन्या भाड्यात ही रक्कम नाममात्र होते, म्हणून मालक-भाडेकरूंनी मिळून खर्च वाटून घेणे दोघांच्याही हिताचे ठरते.

ठेका आणि वेळापत्रक

माल घेताना आपण जी सावधगिरी बाळगतो ती मिस्त्रीशी व्यवहार करताना विसरतो. काम लिहून घ्यावे: किती चौरस फूट, कोणते साहित्य, किती थर, दर काय. थोडी रक्कम पहिल्या मोठ्या पावसानंतर देण्याचे आधीच ठरवावे. मजुरी मात्र अडकवू नये. राखायची ती ठेकेदाराच्या नफ्यातून. पुष्कळ कारागीर मे महिन्यात गावी जातात आणि जे राहतात ते दर चढवतात. म्हणून बोलणी मार्चमध्येच करावी.

काम कोणत्या क्रमाने करावे ते असे:

मार्च: तपासणी, डागांवर खुणा, मिस्त्रीशी करार.

एप्रिल: गच्ची, वाटा, कठडा, बाहेरचा गिलावा. सिमेंटच्या कामाला निदान सात दिवस पाणी मारावे लागते आणि पुरी ताकद यायला अठ्ठावीस दिवस जातात. जूनच्या तोंडावर केलेले काम कच्चेच भिजते.

मे: कौले-पत्रे, वायरिंग, गटार. भिंत पूर्ण वाळल्यावर बाहेरचा रंग.

जूनचा पहिला आठवडा: नळीचे तोंड पुन्हा एकदा पाहणे, गाठी उचलून रचणे, घराचे कागद आणि हिशेबाच्या वह्या उंचावर, प्लास्टिकमध्ये ठेवणे.

जुलै-ऑगस्ट: दर जोरदार सरीनंतर गच्चीवर एक फेरी आणि डागांच्या खुणांवर एक नजर.

घराच्या मरम्मतीसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावी, जशी आपण मागाच्या सुट्या भागांसाठी टाकतो. ईदच्या दिवशी भिंत पांढरी दिसली म्हणून घर ठीक आहे असे समजू नये. पाहुणे भिंत पाहून जातात, पाऊस छत पाहतो. या वर्षी वाचकांनी रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी एकदा शिडी लावून वर चढावे, एवढीच विनंती.